कॅन्सरच्या ‘शेका’चा डोस मोजतो कृत्रिम हिरा, पण आधी हिऱ्याचीच परीक्षा

कॅन्सरच्या पेशंटला मशीनवर जो ‘शेक’ किंवा ‘लाईट’ देतात, त्याला डॉक्टर रेडिएशन म्हणतात. त्याचा डोस ‘ग्रे’ या मापात मोजतात. बऱ्याच उपचारांत रोज साधारण २ ग्रे, असं काही आठवडे चालतं. डोस कमी पडला तर गाठ शिल्लक राहते, जास्त झाला तर शेजारचा चांगला भाग भाजतो. फवारणीत औषधाचं प्रमाण चुकलं तर पीक जातं. इथे तर माणसाचा जीव आहे.

म्हणून मशीन पेशंटवर वापरायच्या आधी पाण्याच्या टाकीवर तपासतात. आपल्या शरीरात पाणीच जास्त, त्यामुळे टाकी म्हणजे माणसाच्या जागी ठेवलेला नमुना. त्यात मोजणारं उपकरण बुडवून, किरण सोडून डोस मोजला जातो.

मोठं माप बारीक धारेला चालत नाही

पाऊस सगळीकडे सारखा पडत असेल तर अंगणात परात ठेवा नाहीतर पेला, पाण्याची उंची सारखीच भरते. पण नळीची बारीक धार परातीत सोडली की पाणी परातभर पसरतं आणि उंची कमी दिसते. धारेखाली मात्र पाण्याचा मारा जोरातच असतो.

रेडिएशनचंही तसंच आहे. मेंदूतल्या लहान गाठीवर काही मिलिमीटर रुंदीचे किरण सोडतात. मोजणारं उपकरण त्यापेक्षा मोठं असेल तर ते डोस कमी दाखवतं. मग तो भरून काढायला मशीन जास्त डोस देतं. फ्रान्समधल्या तुलूझ शहरात २००६-०७ मध्ये नेमकं हेच घडलं. बारीक किरणांसाठी मोठं उपकरण वापरलं गेलं आणि १४५ रुग्णांच्या उपचारात जादा डोसाची चूक झाली.

हिराच का?

हिरा म्हणजे शुद्ध कार्बन, आणि आपल्या मांसातही कार्बनसारखे हलके घटकच जास्त असतात. त्यामुळे रेडिएशन हिऱ्यात बरंचसं मांसासारखंच शोषलं जातं. किरण पडले की हिऱ्यात अगदी थोडी वीज तयार होते. जेवढा डोस, तेवढी वीज.

पूर्वी यासाठी खाणीतले हिरे वापरायचे, पण दोन नैसर्गिक हिरे कधी सारखे नसतात. आता मिथेन आणि हायड्रोजन वायूपासून प्रयोगशाळेत थरावर थर चढवून हिरा वाढवतात. रोमच्या तोर वेर्गाता विद्यापीठाने असं उपकरण विकसित केलं आणि जर्मनीतल्या पीटीडब्ल्यू कंपनीने ते ‘मायक्रोडायमंड’ नावाने बाजारात आणलं. त्यातला मोजणारा भाग २.२ मिलिमीटर रुंद आणि जाडीला फक्त १ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याला बाहेरून व्होल्टेजही द्यावं लागत नाही.

परीक्षा कशी घेतात?

हिरा आहे म्हणून त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत नाहीत. आधी थोडं रेडिएशन देऊन त्याला ‘तयार’ करतात. मग बघतात:

• तोच डोस पुन्हा पुन्हा दिला तर आकडा तोच येतो का?
• डोस दुप्पट केला तर आकडा दुप्पट होतो का?
• डोस हळू किंवा वेगाने दिला, किरण तिरपे आले, तर आकडा बदलतो का?
• आधीच प्रमाणित केलेल्या उपकरणाशी मेळ बसतो का?

अशा चाचण्यांत हा हिरा बहुतांशी खरा उतरला. पण अगदी बारीक किरणांत तोही थोडा फरक दाखवतो. म्हणून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०१७ च्या नियमावलीत लहान किरणांसाठी वेगवेगळ्या उपकरणांचे दुरुस्तीचे आकडे दिले आहेत. हिशेबात ते धरावेच लागतात.

आपल्यासाठी काय?

हा हिरा पेशंटच्या अंगाला लावत नाहीत आणि त्याने कॅन्सर बरा होत नाही. ‘हिऱ्याने उपचार’ असं कुणी सांगून पैसे मागितले तर सावध राहा. आपल्याकडे रेडिएशन केंद्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचं नियंत्रण असतं आणि डोसाचं मोजमाप मेडिकल फिजिसिस्ट बघतात. घरच्या माणसाला रेडिएशन सांगितलं असेल तर ‘रोजचा डोस किती, एकूण किती दिवस, आणि मशीनची तपासणी कोण करतं’ हे बिनधास्त विचारा. विचारायला पैसे लागत नाहीत.