रोलर, कागद आणि प्रारब्ध

चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रे करीत. उरलेला काळ ते काय करीत, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर 'वाट पाहत' असेच द्यावे लागते. आता, चित्र 'येण्याची' वाट पाहणारा कलावंत स्वतंत्र म्हणायचा की नियतीच्या अधीन?

हे कोडे त्यांच्या कार्यपद्धतीतच आहे. साठच्या दशकापासून त्यांनी कुंचला बाजूला ठेवून रोलर आणि पॅलेट नाइफ हाती घेतली. पुढे रंग लावलेले फाटके कागद कॅनव्हासवर ठेवायचे, वरून रोलर फिरवायचा आणि कागद उचलून घ्यायचा, अशी रीत त्यांनी अवलंबिली. कागद कसा फाटेल, रंग किती उतरेल, यावर हाताची पूर्ण सत्ता नसते. मात्र कोणता ठसा राखायचा, कोणता पुसायचा आणि कुठे थांबायचे, हे चित्रकारच ठरवतो.

आपल्या परंपरेत कर्माचे तीन भाग सांगितले आहेत. साठलेले ते संचित, त्यातले फळाला आलेले ते प्रारब्ध आणि आज घडणारे ते क्रियमाण. या परिभाषेत कॅनव्हासवर उमटून गेलेला ठसा हे प्रारब्ध. तो नाकारता येत नाही; त्याच्यापुढे काय करायचे, एवढेच हाती उरते. गायतोंडे यांची सर्जनशीलता या उरलेल्या जागेत काम करते.

इथे एक आक्षेप संभवतो. गायतोंडे यांच्यावर झेन विचाराचा, तसेच रमण महर्षी व निसर्गदत्त महाराज यांच्या अद्वैताचा प्रभाव होता. 'मी कर्ता' ही भावनाच जिथे भ्रम, तिथे निवड करणारा कोण? पण कर्तेपणाचा अभिमान सुटणे म्हणजे हात थांबणे नव्हे. आपल्या चित्रांना ते 'अमूर्त'ही म्हणू देत नसत. 'वस्तुनिरपेक्ष' हा शब्द त्यांना मान्य होता. शब्दाबाबत इतका काटेकोर असलेला माणूस निवडीबाबत उदासीन होता, असे म्हणवत नाही.

या विचाराची खरी कसोटी १९८४ मध्ये लागली. दिल्लीतील अपघाताने त्यांचे शरीर जायबंदी झाले आणि मोठे कॅनव्हास अशक्य झाले. पुढच्या काळात ते कागदावर शाईने छोटी रेखाटने करू लागले. आकार किती असावा, हे अपघाताने ठरवले. त्या आकारात काय उमटावे, हे नव्हे. काही वर्षांनी ते कॅनव्हासकडे परतले आणि नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात रंगवणे थांबले.

हे थांबणे शरीराने लादलेले की त्यांनी निवडलेले? मला वाटते, ही दोन उत्तरे वेगळी करण्याची गरज त्यांना स्वतःला भासली नसावी. चित्र कुठे थांबवायचे, हे ते आयुष्यभर असेच ठरवत आले होते.