एका सहाअंकी संख्येची ओळख

मोठी संख्या फळ्यावर लिहावी, विद्यार्थ्यांनी ती लाख, हजार, शेकडा अशी वाचावी आणि तेवढ्यावर पाठ संपावा, असे पुष्कळ शाळांत घडते. त्यामुळे संख्या जितकी लांब तितकी ती अवघड, ही समजूत मुलांच्या मनात घर करते व मोठा भागाकार दिसताच कच्ची मुले पाटी खाली ठेवतात. वास्तविक संख्येचा सोपेपणा तिच्या घडणीत असतो. १,४२,८५७ ही संख्या या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

एकंस्थानी ७ असल्याने ही संख्या विषम होय. तिच्या अंकांची बेरीज २७ येते. म्हणजे तिला ९ ने नि:शेष भाग जातो व ती संयुक्त ठरते. तथापि सर्व अवयव शोधण्यासाठी भागाकारांची रांग लावण्याचे कारण नाही. १४३ हजारांतून १४३ वजा केले की हीच संख्या उरते. अर्थात ती १४३ × ९९९ इतकी आहे. १४३ म्हणजे ११ × १३ आणि ९९९ म्हणजे २७ × ३७. मूळ अवयव ३, ३, ३, ११, १३ व ३७ असे हाती आले. तिला एकंदर ३२ विभाजक आहेत. ती स्वतः वगळून बाकीच्यांची बेरीज १,१२,५०३ होते. ही बेरीज खुद्द संख्येहून कमी असल्याने ती न्यून संख्यांच्या वर्गात मोडते. (६ ही परिपूर्ण, कारण १ + २ + ३ = ६; १२ ही विपुल.)

तिचा खरा चमत्कार गुणाकारात दिसतो. २ ने गुणल्यास २,८५,७१४, ३ ने गुणल्यास ४,२८,५७१. ६ पर्यंत तेच सहा अंक त्याच क्रमाने फिरत राहतात. ७ ने गुणताच मात्र ९,९९,९९९! मुलांना नुसते थक्क करून येथे थांबणे इष्ट नव्हे. १ ला ७ ने भागून पाहावे. बाकी क्रमाने ३, २, ६, ४, ५ अशी राहते व पुन्हा १ येते. भागाकारात १४२८५७ हे अंक आवर्ती होतात. ७ ने भागताना संभवणाऱ्या सहाही बाक्या या एकाच फेऱ्यात येऊन गेल्या. म्हणून ३ ला ७ ने भागणे म्हणजे त्याच फेऱ्यात ३ या बाकीपासून चालू लागणे होय.

अंकांच्या मांडणीतून उद्भवणारे असे गुणधर्म देवळालीचे शालेय शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी मोठ्या आवडीने अभ्यासले. आपल्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भागली जाणारी संख्या ती ‘हर्षद’, हे नाव त्यांचेच. १,४२,८५७ ला २७ ने भागल्यास ५,२९१ येतात. सबब ती हर्षद आहे. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ व १२२४४९ असे दोन भाग करून मिळवावे, मूळची संख्या परत येते. अशा संख्यांस कापरेकर संख्या म्हणतात.

येथे एक भेद शिक्षकांनी अवश्य ध्यानी घ्यावा. अवयव व न्यूनता हे गुण संख्येचे स्वतःचे आहेत. हर्षदपणा आणि अंकांचे फिरणे हे दशमान लेखनाचे देणे आहे.

वरच्या वर्गात पुढे १ ला १३ ने भागावयास द्यावे. तेथे ०७६९२३ हे अंक आवर्ती होतात. पण त्यांची दुप्पट १५३८४६ निघते, चक्र फिरत नाही. बारांपैकी १, १०, ९, १२, ३, ४ एवढ्याच बाक्या त्या फेऱ्यात आलेल्या असतात. २ त्यांत नाही.