पिशवी मातीत जिरणारी, पण तिच्यावरची शाई टिकते का?

जिते (ता. पेण) : अळूच्या पानावर पाणी टाकलं की थेंब गोल होऊन घरंगळतो. सुती फडक्यावर टाकलं की पसरतं, मुरतं. प्लास्टिकची पातळ फिल्म अळूच्या जातीतली. तिला पाणी धरत नाही, तशी शाई आणि डिंकही धरत नाही.

रोपवाटिकेत ‘विघटनशील’ म्हणून खपणाऱ्या पिशव्यांचा प्रश्न इथेच सुरू होतो. राज्याच्या 2018 च्या प्लास्टिकबंदी अधिसूचनेत रोपवाटिका आणि शेतीसाठीच्या कंपोस्टेबल पिशव्यांना सूट होती. पण केंद्राच्या 2016 च्या नियमांप्रमाणे कंपोस्टेबल कॅरीबॅगवर उत्पादकाचं नाव, प्रमाणपत्र क्रमांक आणि ‘कंपोस्टेबल’ हा शब्द छापलेला हवा. छपाईच पुसली, तर खरी पिशवी आणि नकली पिशवी ओळखायची कशी?

यावर कारखान्यात करोना ट्रीटमेंट करतात (साथीच्या रोगाशी नावापुरताच संबंध). फिल्म जास्त दाबाच्या विजेच्या पट्टीखालून सरकते, तिथल्या हवेतला ऑक्सिजन तुटून फिल्मच्या पृष्ठभागावर चिकटतो आणि पृष्ठभाग शाईला धरायला लागतो. हे ‘डाइन’ या मापात मोजतात. साध्या पॉलिथिनचं सुमारे 31 असतं, छपाईला 38 च्या आसपास लागतं. हा फरक पृष्ठभागाच्या अगदी वरच्या थरापुरता असतो आणि काही आठवड्यांत ओसरतो. म्हणून ट्रीटमेंटनंतर छपाई लांबवत नाहीत.

स्टार्चच्या फिल्मचं दुखणं उलटं. ती पाणी पिते. कोकणातल्या आषाढात ती मऊ पडते, चिकटते. तिच्यावर मेणाचा पातळ लेप देतात. कोळंबीच्या सालांपासून मिळणाऱ्या कायटोसानचे लेपही देता येतात. मात्र जिवाणूंचं काम पृष्ठभागापासूनच सुरू होतं, त्यामुळे पाणी अडवणारा लेप जाड झाला, तर पिशवी मातीत जिरायलाही वेळ लागतो. दोन्ही साधणं सोपं नाही.

आणि वरचा लेप कितीही सुधारला, तरी आतला पदार्थ तोच राहतो. साखरेपासून बनणारं पीएलए (जेजुरीजवळ प्राज इंडस्ट्रीजने 2024 मध्ये त्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला) कंपोस्टच्या कसोटीत सुमारे 58 अंश तापमानावर तपासलं जातं. 180 दिवसांत त्यातला 90 टक्के कार्बन कार्बन डायऑक्साइड व्हावा लागतो. जित्याच्या भातशेतीच्या बांधावर किंवा खाडीच्या चिखलात तेवढी उष्णता नसते. तिथे टाकलेली पीएलएची पिशवी पुढच्या पावसाळ्यातही तशीच दिसू शकते.

म्हणून रोपं घेताना पिशवीवरच्या छपाईवर चिकटपट्टी लावून ओढून बघा. शाई निघून आली, तर ट्रीटमेंट कमी पडली किंवा जुनी झाली, असं समजायला हरकत नाही. क्रमांकच नसेल, तर विक्रेत्याकडे प्रमाणपत्र मागा. आणि पिशवी खरी असली, तरी लागवडीच्या वेळी ती काढून रोप लावणं बरं. मुळांना वाट मोकळी मिळते.