नावाची व्याप्ती आणि मूल्याची सुरक्षितता

एकाच नावाने दोन कवींचा बोध होऊ लागला म्हणजे कर्तृत्वाचा घोटाळा होतो, हे पाठसंपादनाच्या अभ्यासकांस नव्याने सांगावयास नको. मोठ्या आज्ञावलीच्या अंतर्भागात राहून तिला वळण लावणाऱ्या लहान संगणकभाषांतही असाच प्रश्न उद्भवतो. रिओ दि जानेरो येथील कॅथलिक विद्यापीठात १९९३ साली निर्माण झालेली ‘लुआ’ ही अशीच एक भाषा होय. टेक् या अक्षरजुळणीच्या प्रणालीत तिचा अंतर्भाव होऊन ‘लुआटेक्’ सिद्ध झाल्याने ग्रंथमुद्रणाशीही तिचा संबंध आला आहे.

लुआमध्ये ‘लोकल’ हा शब्द न योजता एखाद्या चलास मूल्य दिले, तर ते नाव सामान्यतः सार्वत्रिक ठरते. समजा, दोन प्रकरणांच्या तळटीपांस क्रमांक देणारी दोन कार्ये आलटूनपालटून चालू आहेत आणि दोहोंतील मोजणीचे नाव एकच व सार्वत्रिक आहे. पहिले कार्य ७ पर्यंत येऊन थांबले. दुसऱ्याने ते मूल्य शून्य करून ३ पर्यंत नेले. पहिले पुन्हा सुरू होताच आठव्या टिपेस ४ हा क्रमांक मिळाला. यंत्राने कोणताही दोष दाखविला नाही. वाचकास मात्र भलतीच टीप सापडली.

‘लोकल’ योजल्याने हा दोष दूर होतो. तथापि, तेवढ्याने सर्व काही सुरक्षित झाले असे मानणे चुकीचे ठरेल. स्थानिक नावे दोन असूनही ती एकाच सारणीकडे निर्देश करू शकतात; मग एकाने केलेला बदल दुसऱ्यास भोवतो. शिवाय लुआ ज्यास ‘थ्रेड’ म्हणते, ते कार्य स्वेच्छेने थांबते; संगणकप्रणालीचे थ्रेड मात्र कोणत्याही क्षणी परस्परांच्या कामात शिरतात. असे दोन थ्रेड लुआच्या एकाच अवस्थेत एकदम शिरले, तर तिच्या अंतर्गत रचनेचे रक्षण करणारे कुलूप मुळात योजलेले नसते. त्यामुळे निव्वळ मूल्यच नव्हे, तर समग्र अवस्थाच बिघडू शकते.

यास्तव प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र अवस्था द्यावी आणि मूल्यांची देवाणघेवाण प्रतिरूपे करून करावी, हा मार्ग अधिक निर्धोक होय. नाव कोणास दिसते, हे व्याप्ती सांगते; त्या नावामागील वस्तूस कोणी केव्हा हात लावावा, हे ती सांगत नाही. हा दुसरा निर्णय आज्ञावलीच्या कर्त्यानेच करावयाचा असतो.