स्तनात गाठ लागली, डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली. रिपोर्टमधील आकड्याचा अर्थ काय?

उमरेड : सोनोग्राफी म्हटले की अनेकींना गरोदरपणातील तपासणीच आठवते. त्यामुळे चिठ्ठीवर ‘स्तनांची सोनोग्राफी’ असे लिहिलेले दिसले की गोंधळ उडतो, भीतीही वाटते. त्यात उमरेडहून नागपूरला जायचे म्हणजे मजुरी करणाऱ्या महिलेचा एक दिवस बुडतो. त्यामुळे ही तपासणी काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, हे आधीच माहीत असलेले बरे.

तपासणी कशी होते?
त्वचेवर जेल लावून प्रोब फिरवला जातो. ध्वनिलहरींमुळे आतील चित्र पडद्यावर दिसते. काखेतील गाठीही पाहिल्या जातात. यात एक्स-रे वापरत नाहीत, त्यामुळे गरोदर व स्तनदा मातांसाठीही ती सुरक्षित आहे. उपाशी राहण्याची किंवा लघवी रोखून धरण्याची गरज नसते.

मग मॅमोग्राफी कशासाठी?
गाठ पाण्याची आहे की घट्ट, हे सोनोग्राफी चांगले सांगते. मात्र, कॅल्शियमचे बारीक कण मॅमोग्राफीत अधिक स्पष्ट दिसतात. काही कर्करोगांची ती पहिली खूण असू शकते. साधारणपणे ३० वर्षांखालील महिलेला गाठ लागल्यास आधी सोनोग्राफी करतात. चाळिशीनंतर आधी मॅमोग्राफी आणि जोडीला सोनोग्राफी सांगितली जाते. एक तपासणी दुसरीला पर्याय नाही.

‘बायरॅड्स’चा आकडा काय सांगतो?
० : चित्र अपुरे, आणखी तपासणी हवी.
१ : काही आढळले नाही.
२ : साधी गाठ, कर्करोग नाही.
३ : बहुधा साधी गाठ; कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांपर्यंत. सहसा ६ महिन्यांनी पुन्हा तपासणी.
४ : संशयास्पद; सुईने तुकडा काढून तपासणी, म्हणजे बायोप्सी.
५ : कर्करोगाची शक्यता ९५ टक्के किंवा अधिक, बायोप्सी लगेच.
६ : बायोप्सीत कर्करोग आधीच सिद्ध झालेला.
हा आकडा म्हणजे कर्करोगाची ‘स्टेज’ नव्हे. ‘४’ वाचून चौथी स्टेज समजू नये. सुई टोचल्याने कर्करोग पसरतो, हाही गैरसमजच.

रिपोर्ट नॉर्मल, पण गाठ लागते?
तपासणी तिथेच थांबवू नये. डॉक्टरांच्या हाताची तपासणी, चित्र आणि गरज पडल्यास बायोप्सी या तिन्हींचा मेळ बसावा लागतो. हाताच्या तपासणीचे मोल मुंबईत दिसून आले आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून सुमारे दीड लाख महिलांवर केलेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करत. वीस वर्षांनंतर, पन्नाशी व त्यापुढील महिलांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी आढळले.

नागपूरला निघण्यापूर्वी
- स्तनांची सोनोग्राफी कोणत्या दिवशी होते, हे केंद्राला फोनवर विचारा. पोटाचा आणि स्तनाचा प्रोब वेगळा असतो.
- डॉक्टरांची चिठ्ठी, जुने रिपोर्ट व फिल्म सोबत न्या.
- पावडर किंवा क्रीम लावू नका. वरचा भाग सहज काढता येईल असे कपडे घाला.
- पुढील उपचारांची गरज भासल्यास नागपुरात ‘मेडिकल’ आणि राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. रेशन कार्ड व आधार कार्ड जवळ ठेवा.

गाठ दुखत नाही म्हणून थांबू नये. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाही.