वॉर्डातली बॅटरी

सकाळी सव्वासात. नाइटच्या सिस्टरकडून चार्ज घेतला. पुनर्वसनाचा वॉर्ड, बारा खाटा, त्यांत सात पेशंट पक्षाघाताचे. कोणाला ताप, कोणाचं बीपी चढलं, कोणाला शी झाली नाही, सगळं वहीत असतं. तोंडाबद्दल मात्र ओळही नसते. म्हणून माझी पहिली फेरी खिशातली बॅटरी घेऊन, तोंडं बघण्याची.

साडेसात. तीन नंबरच्या आजी. झटका मेंदूच्या उजव्या बाजूला, त्यामुळे डावं अंग लुळं, आणि डावीकडे काही आहे याचं भानही सुटलेलं. डाव्या गालात रात्रीचा भात तसाच होता. झोपेत तो श्वासनलिकेत उतरला असता तर? झटक्यानंतर सुरुवातीला साधारण निम्म्या पेशंटना गिळायला त्रास होतो. लाळ, अन्नाचे कण आणि त्यांवर पोसलेले जंतू फुफ्फुसात गेले की न्यूमोनिया. जपानमधल्या वृद्धाश्रमांत योनेयामा आणि सहकाऱ्यांनी दोन वर्षं केलेला अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे दात जेवणानंतर नेमाने घासले गेले त्यांच्यात न्यूमोनिया 11 टक्के, इतरांत 19. नव्याने रुजू होणाऱ्या मुलींना हे दोन आकडे मी पहिल्याच दिवशी सांगते.

आजींना मिश्री हवी असते. पन्नास वर्षांची सवय, त्याशिवाय तोंड धुतल्यासारखं वाटत नाही म्हणतात. मी रागावत नाही. पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, हे आजींना आणि सुनेला रोज सांगते.

साडेआठ. नाकात नळी असलेले काका. ‘‘तोंडाने काही जातच नाही, मग घासायचं कशाला?’’ मुलीचा प्रश्न. खरं तर अशा तोंडाचीच जास्त काळजी. चावणं थांबलं की लाळ कमी सुटते, तोंड उघडं राहून कोरडं पडतं, टाळूवर खपल्या धरतात. डोकं उंच, मान एका बाजूला, सक्शन चालू, आणि लहान मऊ ब्रश जेमतेम ओला. पाणी ओतायचं नाही. मुलीने आज पहिल्यांदा स्वतः केलं. हात थरथरत होता, पण नीट केलं.

नऊ वाजता नाश्ता. सगळ्यांना ताठ बसवलं, नंतरही अर्धा तास आडवं होऊ दिलं नाही.

एक वाजता जेवण. सहा नंबरच्या काकांनी खिचडीची वाटी संपवली. गेल्या आठवड्यात चार दिवस ते ताट सरकवून देत होते. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. घरचे म्हणाले, मनाने खचलेत. आम्हीही तसंच धरून चाललो होतो. मग बॅटरी मारली तर खालची दाढ तुटून टोकदार झालेली आणि जीभ कडेने सोललेली. माणूस उपाशी होता, कारण ‘दुखतंय’ एवढं त्याला सांगता येत नव्हतं. आमच्याकडे दंतवैद्य नाही. व्हीलचेअरवरून बाहेरच्या दवाखान्यात नेलं, टोक घासून आणलं. ते चार दिवस पोटात अन्न नाही, अंगात ताकद नाही, म्हणून चालण्याचा व्यायामही बंद होता. हे अजून मला खुपतं. पायांसाठी इथे दोन फिजिओथेरपिस्ट आहेत, याचा आनंदच आहे. दातांसाठीही आठवड्यातून एकदा कोणी यायलाच हवं.

दोन वाजता पुढच्या शिफ्टसाठी वहीत लिहिलं : नऊ नंबरच्या आजोबांची कवळी रात्री काढून, घासून पाण्यात ठेवणे. वजन उतरल्यामुळे ती सैल झालीय, हिरडीला घासते.

निघण्यापूर्वी तीन नंबरला गेले. आजी आरशासमोर बसल्या होत्या. ब्रशच्या दांड्याला आम्ही स्पंज गुंडाळून तो जाड केलाय. आजींनी मान डावीकडे वळवली, उजव्या हाताचं बोट गालात फिरवलं आणि आपणहून आ केला.

‘‘शिस्टर, बघा बरं, ऱ्हायलंय का काय?’’

वरच्या हिरडीपाशी एक शीत होतं.