कोर्टात न दिसणारा वकील

वकील म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे तालुक्याच्या कोर्टाचे आवार उभे राहते. झाडाखालची टेबले, स्टॅम्पव्हेंडर, तारखेसाठी सकाळच्या एसटीने आलेली माणसे आणि काळ्या कोटातला आपला वकील. बांधाचा दावा, वाटणी, कुळाची केस, वहिवाटीचा रस्ता, एवढ्यापुरताच आपला त्याच्याशी संबंध. पण या धंद्यात आणखी एक प्रकारचा वकील असतो. तो वर्षानुवर्षे कोर्टाची पायरी चढत नाही. वीज केंद्रे, उच्चदाबाच्या वाहिन्या, पवनचक्क्या, बंदरे, टोलचे रस्ते यांचे करार लिहिणे हेच त्याचे काम. तुमच्या वीजबिलावर आणि अलीकडे तुमच्या सातबाऱ्यावरही त्याच्या लेखणीचा परिणाम होतो. म्हणून मंडळी, त्याची ओळख करून घेतलेली बरी.

पूर्वी अशा वकिलाची गरज फारशी पडत नव्हती. वीज तयार करायची मंडळाने, वाहून न्यायची मंडळाने आणि बिल पाठवायचे तेही मंडळानेच. १९९१ मध्ये केंद्राने वीजपुरवठ्याच्या कायद्यात दुरुस्ती करून खासगी कंपन्यांना वीजनिर्मितीची दारे उघडली. मग कंपनी वीज काढणार आणि मंडळ विकत घेणार, तर भाव काय, किती वर्षे, कोळसा महागला तर कोणी सोसायचे, हे सगळे कागदावर उतरवणे आले. त्या कागदाला वीज खरेदी करार म्हणतात. या वकिलाचा जन्म त्यातूनच झाला.

असा करार काय करू शकतो हे आपल्या राज्याने गुहागर तालुक्यात पाहिले. एन्रॉनचे नाव ऐकले नाही असा माणूस त्या काळात गावात सापडणे कठीण होते. जून १९९२ मध्ये कंपनीची माणसे भारतात आली आणि पाच दिवसांत, २० जूनला, मंडळाबरोबर प्राथमिक समझोत्यावर सह्या झाल्या. निविदा मागवल्या नव्हत्या. आपण बैलजोडी घेताना चार बाजार हिंडतो, पण इथे दुसऱ्याचा भावसुद्धा विचारला नाही! पुढच्या वर्षी जागतिक बँकेने हा प्रकल्प परवडणारा नाही म्हणून कर्जाला नकार दिला. तरीही डिसेंबर १९९३ मध्ये वीस वर्षांचा करार झाला.

गोम होती ती कलमांत. वीज घेतली न घेतली तरी केंद्राच्या क्षमतेपोटी ठरलेली रक्कम मंडळाने द्यायचीच. हिशेब डॉलरशी बांधलेला आणि इंधनाचा वाढीव खर्च ग्राहकाकडे. करार झाला तेव्हा डॉलर एकतीस रुपयांच्या आसपास होता, २००१ मध्ये तो शेहेचाळीसच्या वर गेला. म्हणजे कंपनीने एक पैसाही भाव वाढवला नसता तरी मंडळाचे बिल जवळजवळ दीडपट होणार होते. मंडळाने पैसे दिले नाहीत तर राज्य सरकारची हमी, राज्याने दिले नाहीत तर केंद्राची प्रतिहमी. आणि भांडण झालेच तर लवाद लंडनमध्ये.

१९९५ मध्ये राज्यात सत्ता बदलली आणि ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द झाला. गावोगाव लोकांना वाटले, सुटलो. पण कराराची कलमे सरकार बदलले म्हणून बदलत नाहीत. कंपनीने लंडनमध्ये लवादाची कारवाई सुरू केली, राज्य सरकार मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि अखेर दोन्ही बाजू पुन्हा वाटाघाटींना बसल्या. १९९६ मध्ये सुधारित करार झाला तो २,१८४ मेगावॉटचा, म्हणजे आधीच्या २,०१५ पेक्षा मोठा! मे १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली. पुढच्या वर्षाच्या अखेरीस बिले थकू लागली, २००१ मध्ये केंद्राच्या प्रतिहमीपर्यंत प्रकरण गेले. त्याच सुमारास मंडळाने केंद्रावरच बोट ठेवले. मागणी केल्यावर ठरलेल्या वेळात पूर्ण वीज मिळाली नाही, म्हणून त्याच कराराच्या आधारे मोठ्या दंडाची मागणी केली. कागद दोन्हीकडून कापतो तो असा. मे २००१ मध्ये केंद्र बंद पडले, डिसेंबरमध्ये एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. बंद केंद्र ताब्यात घ्यायला २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या भागीदारीत रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन झाली.

या साऱ्या वर्षांत दोन्ही बाजूंचे वकील काम करत होते. राजकारण्यांची भाषणे पेपरात आली, वकिलांची कामे आली नाहीत.

आता तुम्ही विचाराल, हे लोक दिवसभर करतात तरी काय? नवा वकील पहिली काही वर्षे कागदच वाचतो. साताऱ्याच्या वनकुसवड्याच्या पठारावर किंवा धुळ्याच्या साक्री तालुक्यात पवनचक्क्या उभ्या करायच्या, तर जमीन कोणाची, फेरफार कसे पडले, बहिणींची हक्कसोड झाली का, वर्ग दोनची असल्यास परवानगी घेतली का, आदिवासी खातेदाराची आहे का, हे सगळे तपासून तो अहवाल लिहितो. बँक त्या अहवालावर कर्ज देते. इथे खेड्यातल्या पोराची बाजू वरचढ ठरते, हे आवर्जून सांगण्यासारखे आहे. मुंबईच्या इंग्रजी शाळेत शिकलेल्याला सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना समजावून सांगावा लागतो. तुमच्या मुलाने तो घरीच वाचलेला असतो.

पुढे मसुदे येतात, मग वाटाघाटी. एका शब्दासाठी रात्र जाते. हे अतिशयोक्त वाटत असेल तर २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बघा. गुजरातेत मुंद्रा येथे टाटा आणि अदानी यांची वीज केंद्रे इंडोनेशियाच्या कोळशावर चालत. तिथल्या सरकारने कोळशाच्या किमतीचे नियम बदलले, कोळसा महागला, आणि कंपन्यांनी वाढीव भाव मागितला. टाटांची वीज घेणाऱ्या राज्यांत महाराष्ट्रही होता. करारात ‘कायद्यातील बदल’ आणि ‘दैवी आपत्ती’ अशा अर्थाची कलमे होती. परदेशातला कायदा त्यात धरायचा का, यावर सारा वाद. न्यायालयाने सांगितले, परदेशी कायदा त्यात येत नाही आणि भाव वाढला म्हणजे आपत्ती कोसळली असेही नाही. ‘कायदा’ या एका शब्दाच्या अर्थावर ग्राहकांचे किती पैसे अडकले होते, विचार करा.

आता वीज खरेदीचा करार पूर्वीसारखा बंद दाराआड उरकत नाही. २००३ च्या वीज कायद्याने स्पर्धात्मक बोलीची वाट घालून दिली, दरांची सुनावणी राज्य वीज नियामक आयोगापुढे होते आणि त्यावर अपील दिल्लीच्या अपिलीय न्यायाधिकरणात जाते. या सुनावण्यांना उभे राहणारे वकील हीसुद्धा या धंद्याची एक शाखा.

मुलगा किंवा मुलगी या वाटेला जाणार असेल तर बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम आहे, दोन्हीला राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. नंतर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय परीक्षा. मुंबईत सॉलिसिटरची वेगळी परीक्षाही आहे. इंग्रजी पक्के हवे, हिशेबाची भीती नको. बाकी हा धंदा मोठ्या शहरातल्या फर्ममध्येच शिकावा लागतो, तालुक्याला राहून तो जमत नाही.

आणि आता तुमच्या बांधावरची गोष्ट. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळची जमीन भाड्याने घेतली जाते. २०२३ च्या सुधारित योजनेत भाडे हेक्टरी वर्षाला सव्वा लाख आणि दरवर्षी ३ टक्के वाढ असे ठरले. ग्रामपंचायतीलाही वर्षाला ५ लाख याप्रमाणे तीन वर्षे मदत आहे. योजना चांगली आहे, मुरमाड रानाला एवढे उत्पन्न कुठले? पण योजनेतून असो की थेट एखाद्या कंपनीकडून, भाडेपट्ट्याचा कागद समोरच्याच्या वकिलाने लिहिलेला असतो. तो वाईट माणूस नसतो, पण तो तुमचा नसतो.

तेव्हा भाड्याचा आकडा वाचून कागद मिटू नका. कंपनीला पट्टा दुसऱ्याला विकता येतो का आणि विकल्यास थकलेले भाडे कोणी द्यायचे, हे बघा. पट्ट्याचे हक्क बँकेकडे तारण ठेवायची मुभा बहुधा असतेच. मात्र मूळ जमीन तारण राहणार नाही हे शब्दांत लिहून घ्या. मुदतीआधी करार मोडायचा हक्क एकट्या कंपनीला आहे की तुम्हालाही? पंचवीस-तीस वर्षांनी लोखंडी खांब आणि सिमेंटचे पाये काढून रान पूर्ववत कोणी करायचे? हे कलम नसले तर नातवाला नांगर घालायच्या आधी ब्रेकर आणावा लागेल. लवाद कोणत्या शहरात ते पाहा. मराठी प्रत मागा आणि इंग्रजी-मराठीत फरक पडला तर कोणती प्रत खरी धरायची, तेही विचारा.

एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो, साध्या स्टॅम्पवरच्या सहीवर विसंबू नका. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी ग्रामसभेपुढे ठराव येण्याआधी मसुदा चावडीवर वाचून दाखवायला काय हरकत आहे? वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या खातेदारांना तिथे उत्पन्नाची अट नाही, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत मोफत सल्ला मिळतो. जाताना सातबारा, आठ-अ, फेरफाराचे उतारे आणि कंपनीने दिलेला मसुदा बरोबर ठेवा, आणि सहीच्या तारखेच्या निदान पंधरा दिवस आधी जा.